आरव्ही-७ ला (घरी जोडायचं छोटं विमान) स्टॉल स्ट्रिप लावावी का?
स्टॉल म्हणजे वेग कमी होऊन पंखावरचा हवेचा प्रवाह सुटणं आणि उचल कोसळणं. प्रश्न असा: तो धड इशारा न देता आला आणि एक पंख आधी पडला, तर काय करावं?

रिव्हेटवाला
आरव्ही-४, ६, ७, ८ या सगळ्यांचा पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, पीळ नसलेला, एनएसीए २३०१३.५ या छेदाचा. स्टॉल मुळाशीच (विमानाच्या धडाजवळ) सुरू होतो, पण पसरतो झपाट्याने. इशाऱ्याची थरथर बहुतेकदा एक-दोन नॉट आधी, तीही जेमतेम.
माझं मत: दोन्ही पंखांना स्ट्रिप लावा. १५ सेंमी लांब, १० मिमी उंच, धारदार कडेची त्रिकोणी लाकडी पट्टी, लीडिंग एजवर (पंखाच्या पुढच्या कडेवर), फ्युजलाजपासून (धडापासून) अर्ध्या मीटरवर. आधी डक्ट टेपने चिकटवा, उडवा, ३-३ मिमी सरकवा. पट्टी वर सरकवली की स्टॉल लवकर येतो, खाली सरकवली की उशिरा. कारण पंखाचा समोरच्या हवेशी असलेला कोन वाढला की हवा दुभंगण्याची रेषा लीडिंग एजच्या खाली सरकते. ती पट्टीच्या खाली गेली की वर चढणाऱ्या हवेला पट्टीची धार ओलांडता येत नाही. मुळाजवळचा प्रवाह सुटतो, तो गढूळ झोत शेपटीवर आपटतो आणि स्टिक (विमान वळवायचा दांडा) हातात हलते.
जागा ठरली की कायमची चिकटवा. भोक पाडू नका. तिथे आतून पेट्रोलची टाकी आहे!

बॉल मध्ये
पट्टीआधी विमान तपासा की राव. एका टाकीत ४० लिटर जास्त असेल तर त्या बाजूला २९ किलो जास्त. मग पंख पडणारच, त्याला एरोडायनॅमिक्स काय करणार? टाक्या समान करा, दोन्ही फ्लॅप (उतरताना खाली येणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपा) एकाच कोनात येतात का बघा, डिजिटल लेव्हलने दोन्ही पंखांचा इन्सिडन्स (पंख धडाला ज्या कोनात बसवलाय तो) तीन ठिकाणी मोजा. मगच सेकंदाला १ नॉट या गतीने वेग कमी करत, बॉल (विमान बाजूला घसरतंय का दाखवणारी काचेतली गोळी) मध्ये ठेवून स्टॉल करा. कल १५ अंशांच्या आत राहिला तर जुन्या भाग २३ च्या (छोट्या विमानांच्या अमेरिकी प्रमाणन नियमांच्या) मापानेही विमान पास. उगाच पट्ट्या कशाला?

रिव्हेटवाला
इंधनाचं मान्य. पण इन्सिडन्स चुकलेला सापडला तर करणार काय? मागच्या स्पारच्या (पंखातल्या आडव्या तुळईच्या) बोल्टचं भोक एकदा पाडलं की विषय संपला. आणि क्रूझमध्ये (सरळ प्रवासात) कलणारं विमान एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या टोकाकडच्या झडपेची) कड दाबून सरळ होतं, म्हणून स्टॉलमधलं पडणंही तसंच जाईल असं समजू नका. ती दोन वेगळी दुखणी. डावा पंख आधी पडत असेल तर उजवीकडची पट्टी थोडी वर सरकवा. दोन्ही एकत्र सुटतील.

भोवरा
म्हणजे चांगला पंख बिघडवून वाईटाच्या बरोबरीला आणायचा! मी व्हॉर्टेक्स जनरेटर लावेन, म्हणजे हवेत छोटे भोवरे उठवून प्रवाह पंखाला चिकटवून ठेवणारी छोटी पाती. लीडिंग एजपासून ७ ते १० टक्क्यांवर, म्हणजे या दीड मीटरच्या पंखावर साधारण १०-१५ सेंमी मागे, फक्त एलेरॉनसमोर. बाहेरचा भाग शेवटपर्यंत चिकटून राहतो, एलेरॉन ऐकतात, आणि लँडिंगचा वेगही वाढत नाही.

रिव्हेटवाला
"फक्त एलेरॉनसमोर" हे अधोरेखित करा. लोक हौसेने पूर्ण पंखभर लावतात, स्टॉलचा वेग खाली आला म्हणून खूश होतात आणि शेवटी सगळा पंख एकदम सुटतो. नासाने ग्रुमन एए-१ वर लीडिंग एज खाली वाकवून पाहिली, तेव्हा नेमका हाच धडा मिळाला: फक्त बाहेरच्या भागावर वाकवली तर स्पिनला (स्टॉलनंतर गरगरत खाली येण्याला) विरोध, पूर्ण पंखावर वाकवली तर फ्लॅट स्पिन (आडवं राहून गरगरणं).
पट्टीने लँडिंगचा वेग वाढतो हे खरं, नॉट-दोन नॉट. मला तो सौदा परवडतो.

सूर
एओए इंडिकेटर (पंखाचा हवेशी असलेला कोन मोजून स्टॉलआधी बीप देणारं यंत्र) बसवा, बीप ऐका. पंखाला हातच लावू नका.

बॉल मध्ये
बीप इशारा देतो, पडणारा पंख सावरत नाही. शिवाय फ्लॅप वर आणि फ्लॅप खाली अशी दोन्ही कॅलिब्रेशन न करता बसवलेला प्रोब (त्या यंत्राची मोजणारी नळी) फायनलवर (धावपट्टीकडे शेवटच्या उतरणीत) खोटं बोलतो.
स्ट्रिप असो वा भोवरे, चाचणी फक्त पुढच्या सीजीवर (वजनाचा मध्यबिंदू पुढे ठेवून) करून थांबू नका. मागच्या मर्यादेकडे टप्प्याटप्प्याने जा, भरपूर उंचीवर, पॅराशूट घालून. पॉवर चालू ठेवून वेगळी चाचणी घ्या, कारण प्रोपेलरचा झोत मुळाजवळचा प्रवाह चिकटवून ठेवतो आणि तिथली पट्टी मुकी होते.

भोवरा
आणि चाचणीत ८ सेंमीचे लोकरीचे धागे दर १५ सेंमीवर टेपने लावून कॅमेरा चालू ठेवा. स्टॉल कुठून सुरू होतो ते धागेच दाखवतील. मुळाशी होत असेल तर स्ट्रिपवाल्याचं ऐका, टोकाशी असेल तर माझं.