प्रजनन स्वायत्तता मोजायची तर नेमकं काय विचारायचं?

पाहणी_चमू

नमस्कार मंडळी. १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांची घरोघरी पाहणी आखतोय, विषय प्रजनन आरोग्य आणि स्वायत्तता. मुलाखत ४० मिनिटांच्या पुढे नेता येणार नाही. मसुद्यात सध्या एवढंच आहे: गर्भनिरोधक वापरता का, कोणतं, नसाल वापरत तर का, आणि घरात याचा निर्णय कोण घेतं.

साधनांचा वापर जास्त दिसला तर स्वायत्तता जास्त, असं अहवालात म्हणता येईल का? शिवाय तयार मोजपट्टी घ्यावी की आपले प्रश्न बनवावेत? नमुना किती धरावा? आणि मुलाखतीत घरातलं कोणी शेजारी येऊन बसलं तर काय करायचं?

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही म्हणता येणार. वापर हा वापर आहे. दवाखान्यात जे मिळालं ते मुकाट्याने घेतलेली बाईही 'वापरकर्ती', आणि सगळं नीट समजून 'मला नको' म्हणणारी 'न वापरणारी'. तुमच्या आकड्यात पहिली यश ठरेल आणि दुसरी अपयश.

'अनमेट नीड' (गर्भनिरोधनाची न भागलेली गरज) या आकड्याचीही हीच अडचण आहे. हा प्रश्न कोणी बाईला थेट विचारत नाही, तो गणिताने काढतात. मूल नको किंवा निदान दोन वर्षं तरी नको, गर्भधारणा होऊ शकते, आणि साधन वापरत नाही, की ती त्या रकान्यात गेली. (गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी ती गर्भधारणा हवी होती का, यावरून ठरतं. २०१२मध्ये व्याख्या सुटसुटीत केली, पण गाभा तोच राहिला.) तिला साधन हवंय का, हे या हिशेबात कुठेच येत नाही. म्हणून एक सरळ प्रश्न घाला: 'सध्या तुम्हाला एखादं साधन वापरायची इच्छा आहे का?' खर्च अर्धा मिनिट.

तयार मोजपट्ट्यांपैकी तीन बघा.

उश्मा उपाध्याय आणि सहकाऱ्यांची २०१४ची प्रजनन स्वायत्तता मोजपट्टी. १४ विधानं, तीन भाग: निर्णय (४), जबरदस्तीपासून मुक्तता (५), जोडीदाराशी संवाद (५). निर्णयाच्या भागात 'जोडीदार / दोघं सारखेच / मी' असे तीन पर्याय, बाकी दोन भागांत सहमत-असहमतचे चार. जबरदस्तीच्या विधानांचे गुण उलटे धरायचे असतात. हे विसरलं की त्या भागाचा निकाल उलटा लागतो, आणि तक्त्याकडे नुसतं बघून ते कळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतला ५.६.१ हा निर्देशक. तीन प्रश्न: शरीरसंबंधाला नाही म्हणता येतं का, गर्भनिरोधनाचा निर्णय कोणाचा, स्वतःच्या उपचाराचा निर्णय कोणाचा. पहिल्याला 'हो' आणि उरलेल्या दोन्हींना 'मी' किंवा 'दोघं मिळून' असेल तरच ती स्त्री स्वायत्त मोजली जाते. स्वस्त आहे आणि इतर पाहण्यांशी तुलना करता येते.

तिसरी, आधीची गर्भधारणा ठरवून झाली होती का यासाठी 'लंडन मेजर'. सहा प्रश्न, गुण ० ते १२. ० ते ३ न ठरवलेली, ४ ते ९ मधली, १० ते १२ ठरवलेली. 'हवं होतं की नको होतं' या हो-नाही प्रश्नात मधला मोठा गट हरवतो, तो यात दिसतो.

दवाखान्याची_बाजू

वरच्या यादीत एक मोठं भोक आहे. तिन्ही ठिकाणी दबाव म्हणजे घरातला किंवा जोडीदाराचा. आरोग्यसेवेकडून येणारा दबाव त्यात जवळजवळ पकडलाच जात नाही, आणि उद्दिष्टं देऊन चालणाऱ्या कार्यक्रमात तोच जास्त असतो.

लीह सेंडेरोविच या संशोधिकेने २०२०मध्ये 'गर्भनिरोधक स्वायत्तता' अशी मांडणी केली. माहितीपूर्ण निवड, पुरेसे पर्याय आणि मोकळी निवड, तिन्ही हवेत, एकही नसेल तर स्वायत्तता धरायची नाही. 'मोकळी' यात 'नको' म्हणण्याची मोकळीकही येते आणि थांबवण्याचीही. सध्या न वापरणाऱ्या स्त्रियांनाही ही मांडणी लागू होते, हा तिचा खरा फायदा.

माहितीसाठी वापरकर्त्यांना विचारायचे नेहमीचे तीन प्रश्न: दुसऱ्या साधनांबद्दल सांगितलं का, दुष्परिणाम सांगितले का, दुष्परिणाम झाले तर काय करायचं ते सांगितलं का. तिन्हींना 'हो' तरच पूर्ण माहिती. चौथा जोडा: 'पुढे साधन बदलता येईल असं सांगितलं का?'

तांबी आणि इम्प्लांट (दंडात त्वचेखाली बसवायची कांडी) यांच्यासाठी वेगळा संच हवाच. गोळी किंवा कंडोम बाई स्वतः बंद करू शकते, ही दोन साधनं काढायला दुसऱ्याचा हात लागतो. विचारा: काढून द्या असं कधी सांगितलं का? काढून दिलं, 'नंतर या' म्हटलं, जास्त पैसे मागितले की नकार दिला? साधन बसवतानाच 'काढायला कुठे जायचं' हे सांगितलं होतं का? 'सेवेबद्दल समाधानी आहात का' हा प्रश्न मात्र वगळा. बहुतेक जणी 'हो' म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

नसबंदी झालेल्या स्त्रीला 'सध्या निर्णय कोण घेतं' विचारणं निरर्थक. तिच्यासाठी फाटा फोडून 'शस्त्रक्रियेच्या वेळी' असा काळ बांधून विचारा, आणि ती कायमची असते हे आधी सांगितलं होतं का, हेही.

पाहणी_चमू

आभार, हे प्रश्न घेतोच. 'दोघं मिळून' हे उत्तर कितपत खरं मानायचं? आणि जबरदस्तीबद्दल थेट न विचारता यादी देऊन मोजायची पद्धत असते म्हणतात, ती कशी असते?

आकडेमोड

'दोघं मिळून'ला एक जोडप्रश्न द्या: 'मतं जुळली नाहीत तर शेवटी कोणाचं चालतं?' दोन्ही उत्तरं वेगवेगळी नोंदवा, एकात मिसळू नका.

यादीची पद्धत अशी. नमुना चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटायचा. एका गटाला चार निरुपद्रवी विधानं, दुसऱ्याला तीच चार अधिक संवेदनशील एक. बाईने फक्त 'किती लागू पडतात' तो आकडा सांगायचा, कोणती ते नाही. समजा सरासऱ्या १.९५ आणि २.१३ आल्या, तर फरक ०.१८, म्हणजे १८ टक्के. ऐकायला छान, पण महाग. प्रत्येक गटात ५०० जणी आणि उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती पसरलेली आहेत ते) १ धरलं तर चूक अधिक-उणे १२ टक्क्यांच्या घरात जाते. त्याच १,००० जणींना थेट विचारलं तर ती अडीच टक्क्यांपेक्षा कमी. शिवाय चारही विधानं कोणाला लागू पडत असतील, तर पाचवं धरून 'पाच' म्हणताच गुपित उघडं पडतं. म्हणून चारांत दोन क्वचित लागू पडणारी ठेवा. तुमच्यासारख्या पाहणीत मी हे करणार नाही, एकांत सांभाळून थेट विचारीन.

नमुना: प्रमाण ५० टक्के, चूक अधिक-उणे ५, विश्वास ९५ टक्के, तर ३८४. पण हे सुट्या व्यक्ती निवडल्या तर. वस्तीनिहाय २० मुलाखती घेणार असाल आणि वस्तीतल्या वस्तीत साम्य (एकाच वस्तीतल्या जणींची उत्तरं किती सारखी निघतात ते) ०.०५ धरलं, तर गुणक १ + १९ × ०.०५ = १.९५, म्हणजे ७४९. दहा टक्के गळती धरून ८३२ घरी जावं लागेल. इथेच बहुतेक जण थांबतात. माहितीचे प्रश्न फक्त वापरकर्त्यांना आहेत. त्या ४० टक्के निघाल्या तर हातात ३०० उरतात आणि चूक साडेसहा टक्क्यांवर जाते. त्यातही तांबी-इम्प्लांटवाल्या मूठभर. त्या संचावर टक्केवारी छापायची असेल तर दवाखान्यातून वेगळा नमुना घ्या आणि तो घरोघरच्या नमुन्यात मिसळू नका.

विश्लेषणात २०१४च्या मोजपट्टीतल्या १४ विधानांची एकच बेरीज करू नका, तीन भाग वेगळे ठेवा. संवाद उत्तम पण निर्णय जोडीदाराचा, अशी बाई बेरजेत 'मध्यम' दिसते आणि दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. जोडीदार नसलेल्या स्त्रियांना शून्य देऊ नका, 'लागू नाही' असा संकेत ठेवा.

मुलाखत_प्रशिक्षण

शेजारी कोणी बसलं तर: प्रश्नांचा रोख लगेच बदलायचा. त्यासाठी पाणी, लसीकरण, मुलांचा आहार अशा सात-आठ साध्या प्रश्नांचं एक पान मुलाखतकाराकडे तयार असावं आणि ते सरावात वापरून बघितलेलं असावं. व्यक्ती हटली नाही तर मुलाखत थांबवून दुसरी वेळ घ्यायची. कोण हजर होतं याची प्रत्येक विभागाच्या शेवटी नोंद करा, विश्लेषणात त्या मुलाखती वेगळ्या तपासता येतात.

एका घरातून एकच स्त्री निवडा, निवड चिठ्ठीने. पाहणीची ओळख गावात आणि घरात 'स्त्रियांचं आरोग्य' एवढीच द्या, पण स्वतः त्या बाईला संमती घेताना विषय पूर्ण सांगा. संमतीपत्राची प्रत घरी ठेवू नका, ती दुसऱ्याच्या हाती लागते. मुलाखतकार स्त्री असावी, आणि शक्यतो त्याच गल्लीतली नसावी. हिंसेबद्दल एक जरी प्रश्न असेल तरी मदतीच्या ठिकाणांची यादी आधी जमवा आणि तिथे खरंच कोणी फोन उचलतं का ते तपासा. ही यादी हाती नसेल तर ते प्रश्नच काढून टाका.

४० मिनिटांचं म्हणाल तर जबरदस्तीचा भाग विसाव्या ते तिसाव्या मिनिटाला ठेवा. सुरुवातीला ओळख झालेली नसते आणि शेवटी बाईचं लक्ष चुलीकडे असतं. आणि छापण्याआधी दहा-बारा जणींना प्रत्येक प्रश्नानंतर 'यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?' हे विचारून बघा. २०१४ची मोजपट्टी अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांवर तपासलेली आहे, घरोघरच्या नमुन्यात ती तशीच चालेल असं गृहीत धरू नका.