हिशोबावरून ठिणगी पडली, रविवारी प्रभुभोजन आहे

नगरकरीण:
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) कापणीच्या सणाला लिलाव होतो. बाजरी, भोपळे, गावरान कोंबड्या. (अंडी दरवर्षी सोन्याच्या भावाने जातात, कारण दोघे मेहुणे मुद्दाम एकमेकांवर बोली चढवतात.) हिशोब माझ्याकडे. यंदा काही घरांची उधारी राहिली, म्हणून बोलीची बेरीज आणि जमा रक्कम जुळत नाही. वहीत तसं लिहिलंय. तरी स्त्री मंडळातल्या एका बाईंनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "देवाचा पैसा कुणाच्या घरात फिरतोय?" त्या वयाने मोठ्या, लेकीच्या बाळंतपणात मला डबे पोचवलेल्या. उधारीवाल्यांची नावं टाकली की मी सुटते, पण त्या घरांची अब्रू जाते. गप्प बसले तर चोर ठरते. रविवारी प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) आहे, त्याआधी काय करू?

संडेस्कूलवाले काका:
ताई, नावं नकोत. बायबलात मत्तय 18:15, आधी दोघांनीच बोलायचं. आपल्याकडे सगळे थेट 17व्या वचनावर उडी मारतात, मंडळीला कळवायच्या. वही घेऊन त्यांच्या घरी जा.

सडेतोड:
सौम्यपणा म्हणजे अळीमिळी नव्हे. अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमोर सुनावलं, बायबलातलं गलतीकरांस पत्र, अध्याय 2 वाचा. आरोप उघड, तर खुलासाही उघड. ग्रुपवर एकच ओळ: "इतकी रक्कम येणे बाकी आहे, वही पाहायला खुली आहे." टोमणा नको. हात जोडलेला इमोजी तर मुळीच नको, तो टोमण्याहून बोचतो.

वसईकर:
आम्ही कॅथलिक. मिस्सात (उपासनेत) कम्युनियनच्या, म्हणजे तुमच्या प्रभुभोजनाच्या, आधी शेजाऱ्याला शांती देतो. भावकीत बांधाचा वाद असला की माणसं मुद्दाम लांबच्या बाकावर बसतात, हात द्यायला नको म्हणून! मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला सांगितलंय. तेही भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. चूक कुणाची, हे तिथे विचारलेलंच नाही.

नगरकरीण:
पौलाचं पटलं, पण पेत्राने त्याच्याकडे बाळंतिणीचे डबे पोचवले नव्हते. ओळ टाकेन, पण त्यांना भेटून आल्यावर. उद्या संध्याकाळी वही घेऊन जाते. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवू का?

संडेस्कूलवाले काका:
नको. साक्षीदार मत्तय 18च्या 16व्या वचनात आहेत, दुसऱ्या खेपेला.