सागरी महामार्गाने श्रीवर्धन ते रत्नागिरी: कुठे अडकायला होतं?

प्रश्न (समुद्रवाट): रेवस-रेड्डी राज्य महामार्ग क्र. 4 वरून श्रीवर्धनहून रत्नागिरीला जायचंय, मुंबई-गोवा हायवे न पकडता. गाडी सेडान. मॅप 'फेरी' दाखवतो, त्या नक्की किती आणि चुकली तर पर्याय काय?

कातळसडा: तीन खाड्या बोटीने ओलांडायच्या: बागमांडला-वेश्वी (सावित्री), दाभोळ-धोपावे (वाशिष्ठी), तवसाळ-जयगड (शास्त्री). क्रम असा: हरिहरेश्वर, बागमांडला, वेश्वी, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णे, लाडघर, कोळथरे, दाभोळ, पलीकडे धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. नाव महामार्ग असलं तरी बराचसा रस्ता एकपदरी, गावातून वळणावळणाने जाणारा. ताशी 30 धरूनच हिशोब करा आणि मुक्काम दापोली किंवा गुहागरला ठेवा. मॅप बोटीची वाट बघण्याचा वेळ धरत नाही.

खाडीकाठ: सेडान आहे म्हणून सांगतो, ओहोटीची वेळ बघून, ती टाळून निघा. पाणी खाली गेलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांत कोन तयार होतो, तिथे पुढचा बंपर किंवा पोट घासतं. भरतीची वेळ काढायला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात जास्त, त्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला पाणी सगळ्यात खाली. तेव्हा दाभोळला पोचू नका. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे हा फरक कमी, धक्का सोपा. चढताना माणसं उतरवा, गाडी तिरकी न्या, हळू.

कातळसडा: बरोबर. आणि बोट चुकली तर:
बाणकोटच्या खाडीला (बागमांडला-वेश्वी) म्हसळा-आंबेत पूल-मंडणगड.
दाभोळला पर्याय फार लांबचा, दापोली-खेड-चिपळूण-गुहागर, म्हणजे हायवे आलाच. म्हणून ही बोट दिवसाउजेडी गाठायची.
तवसाळ चुकली तर शृंगारतळी-आबलोली-भातगाव पूल-जाकादेवी.

मॅपमध्ये 'फेरी टाळा' चालू असेल तर तो तुम्हाला गुपचूप हायवेवर नेऊन सोडतो, ते आधी बंद करा. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी फोन करून विचारा. पावसाळ्यात वारा-लाटा असल्या की बोट थांबवतात.

समुद्रवाट: तिथीचा हिशोब माहीत नव्हता. षष्ठीला निघतोय, म्हणजे भरती साडेचारला. दाभोळ चारपर्यंत गाठतो.

खाडीकाठ: उत्तम वेळ. टाकी दापोलीतच भरून घ्या.