रिमोट बाजारात चालतो, आमच्या पार्किंगमध्येच का चालत नाही?

डोंबिवलीचा_नाना:
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, चावी फ्लिपवाली, तिच्यावर लॉक-अनलॉकची दोन बटणं. गेले पंधरा-वीस दिवस या रिमोटने डोकं उठवलंय. बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये बटण दाबलं की ढिम्म, गाडीला खेटून काचेला चावी टेकवून दाबलं तर दहातून दोनदा उघडते. आणि तीच गाडी बाजारात फडके रोडला नेली की वीस पावलांवरून टुक करून लॉक! सेल बदलला, परत बदलला (पहिला दुकानदाराने पडून राहिलेला दिला असेल म्हणून), काडीचा फरक नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो रिमोट गेला, नवीन चावी कोडिंगसकट साडेआठ हजार. म्हटलं गेलाय तर बाजारात कसा चालतो, तर म्हणे साहेब इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, असंच असतं. सध्या चावी घालून दार उघडतोय, पण तसं उघडलं की इंजिन चालू करेपर्यंत सायरन बोंबलतो, सकाळी सहाला अख्खी विंग जागी, आता बायको म्हणते लॉकच करू नका. कोणाला काही अनुभव?

गॅरेजवाला_बाळू:
नाना सेल कुठला टाकलात ते सांगा आधी. जुन्या सेलवर काय लिहिलंय ते वाचून तोच घ्यायचा. सीआर२०३२ म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड, २०२५ म्हणजे तेवढाच रुंद पण जाडी अडीच मिमी. बसतात दोन्ही, पण पातळवाला आत खुळखुळतो, कधी टेकतो कधी नाही. दुसरं म्हणजे पोरांनी गिळू नये म्हणून हल्ली काही सेलला कडू लेप लावलेला असतो, काही रिमोटमध्ये त्याने काँटॅक्ट नीट होत नाही, तसला असेल तर बदला. मीटरवर ३.२ व्होल्ट दाखवतोय म्हणून सेल चांगला असंही नाही, बटण दाबल्यावर लोड येतो तेव्हा किती पडतो ते बघायचं. आणि आतली बटणाची टिचकी हलत असेल तर मोबाइल रिपेअरवाला सोल्डर मारून देतो, त्याला काय हजार रुपये लागत नाहीत.

चिंटू_१९८४:
सोप्पी टेस्ट आहे, मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोट समोर धरून बटण दाबा, लाइट दिसला तर रिमोट ओके.

वायरमन_सातारा:
चिंटूशेठ ती टीव्हीच्या रिमोटची टेस्ट. तिथे इन्फ्रारेड असतो म्हणून कॅमेऱ्यात दिसतो. गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो, कॅमेऱ्यात काय दिसणार कपाळ! आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर.

नाना, एक विचारतो. दुसरी चावी असेल ना घरात? ती पार्किंगमध्ये चालते का? आणि शेजारच्या गाड्यांचं काय? बटण दाबून इंजिन मात्र चालू होतंय म्हणजे इमोबिलायझरचा (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) प्रश्न नाही. त्यासाठीची चावीतली चिप वेगळी असते, तिला सेल लागतच नाही, चावी घातली की लॉकभोवतीच्या कॉइलकडून तिला वीज मिळते. म्हणूनच सेल मेला तरी गाडी चालू होते आणि लोकांना वाटतं मग रिमोट का नाही.

डोंबिवलीचा_नाना:
बटण दाबून नाही हो, माझी चावी फिरवूनच चालू होते, पण मुद्दा कळला. सेल २०३२च आहे, कडू का गोड ते चाटून बघितलं नाही 😄

दुसरी चावी कपाटात होती, न वापरलेली. आत्ता खाली जाऊन आलो, तिचंही तेच, खाली मेलेली. मग ती घेऊन गाडी गेटबाहेर रस्त्यावर काढली तर मस्त चालली. आणि विचारलंत ते बरं केलंत, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांची पुश बटणवाली गाडी आहे, ते म्हणाले त्यांनाही मधूनमधून चावी सापडत नाही असा मेसेज येतो. त्यांना वाटलं वयामुळे आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून बोलले नाहीत. आता हे काय भूतबाधा आहे का? पहिल्या मोठ्या पावसानंतर सगळं सुरू झालंय. त्याच आठवड्यात पाण्याच्या पंपाचं ऑटोही (टाकी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारं) बिघडलं, वॉचमन पहाटे उठून हाताने पंप लावतो, पाणी कधी येतं कधी नाही, म्हणजे सगळं एकदमच.

गॅरेजवाला_बाळू:
दोन्ही चाव्या एकदम जात नसतात. मी माघार घेतो, साडेआठ हजार वाचले तुमचे.

रेडिओवेडा:
थांबा थांबा, पंपाचं ऑटो वायरलेस आहे का? म्हणजे खालच्या टाकीत सेन्सर, वरच्या टाकीत सेन्सर आणि मध्ये वायर नाही, असलं? असेल तर मला जवळपास खात्री आहे.

असं बघा, रिमोट ओरडतोय व्यवस्थित, गाडीला ऐकू जात नाहीये. रिमोटचा आवाज मुळात बारीक, त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणीतरी सतत भोंगा लावून बसलं तर गाडीच्या रिसीव्हरला तोच ऐकू येतो. लग्नात डीजेशेजारी उभं राहून कोणाच्या कानात बोलावं तसं, अगदी तोंड कानाला लावलं तर एखादा शब्द कळतो, तुमचं काचेला टेकवून दहातून दोनदा ते हेच. ४३३च्या आसपासचा पट्टा आपल्याकडे कमी ताकदीच्या उपकरणांना लायसन्सशिवाय खुला आहे, त्यामुळे वायरलेस बेल, गेटचे रिमोट, टाकीचे सेन्सर, सगळे तिथेच गर्दी करतात. एरवी ते क्षणभर बोलून गप्प बसतात म्हणून कोणाला त्रास होत नाही. पण पाणी शिरून एखादा अडकला आणि अडॅप्टरवर चालणारा असेल तर तो दिवसरात्र बडबडतो. सेलवरचा असता तर एव्हाना सेल संपून गप्प झाला असता.

आणि हे काही मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत ओहायोमध्ये नॉर्थ ओल्मस्टेड म्हणून गाव आहे, तिथे २०१९मध्ये काही घरांच्या गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजचे दरवाजे असेच बंद पडले होते, लोक हैराण. शोधता शोधता निघालं काय, तर एका हौशी माणसाने घरीच बनवलेलं यंत्र, घरात वरती कोणी आहे का हे त्याला कळावं म्हणून, आणि ते सतत सिग्नल सोडत होतं. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. तिकडे ३१५ मेगाहर्ट्झ, एवढाच फरक.

तर उद्या एक जण रिमोट दाबत उभा राहा आणि दुसऱ्याने एकेक प्लग काढा. सुरुवात टाकीपासून.

वायरमन_सातारा:
बरोबर. फक्त नाना, विजेच्या बोर्डात ओल्या हाताने शिरू नका, वॉचमनलाही सांगू नका, सोसायटीचा इलेक्ट्रिशियन बोलवा.

मीरा_ठाणे:
आमच्या भाच्याने रिमोट खेळायला घेऊन दिवसभर दाबला होता, नंतर चालेना. तसं तर नाही ना झालं?

रेडिओवेडा:
मीराताई ते वेगळं. दर दाबाला कोड बदलतो, गाडीपासून लांब फार वेळा दाबलं की रिमोट पुढे जातो आणि गाडी मागे राहते. काही गाड्यांत जवळ उभं राहून दोनदा दाबलं किंवा चावी फिरवली की परत जुळतं, काहींना मॅन्युअलमधली पद्धत करावी लागते. नानांचं तसं असतं तर रस्त्यावरही चालला नसता.

डोंबिवलीचा_नाना:
मंडळी!! सापडलं!

रविवारी इलेक्ट्रिशियन आला, मी, जोशीकाका आणि काही काम नसलेले चौघे. जिन्याखाली खालच्या टाकीच्या झाकणाशेजारी पांढरी प्लॅस्टिकची डबी आहे साबणाच्या वडीएवढी, तिला छोटी एरियल आणि मोबाइलसारखा अडॅप्टर. माझ्या गाडीपासून चार पावलं. एवढी वर्षं मला ते इंटरनेटचं काहीतरी वाटायचं. त्याने अडॅप्टर काढला, मी बटण दाबलं, टुक! परत लावला, ढिम्म. काढला, टुक. जोशीकाकांनी स्वतःच्या हाताने तीनदा करून बघितलं, त्यांना आपलं वय झालेलं नाही हे सिद्ध करायचं होतं. डबी उघडली तर आत चमचाभर पाणी आणि पट्टीवर हिरवी बुरशी आल्यासारखा गंज. वरचा लाल दिवा अखंड पेटलेला, तो म्हणे फक्त सिग्नल पाठवताना लुकलुकायला हवा. पंपाचं ऑटोही त्यामुळेच गेलं होतं.

डबी काढून ठेवलीय. नवीन घ्यायची तर सेक्रेटरी म्हणतात मीटिंगमध्ये ठराव करावा लागेल, तोपर्यंत वॉचमन पहाटे उठणार. मी म्हटलं नवीन घेताना सरळ वायरवालीच घ्या.

गॅरेजवाला_बाळू:
भारी! सर्व्हिस सेंटरवाल्याला फोटो दाखवा. आणि दुसरी चावी परत कपाटात जपून ठेवा बरं का, गाडी चोरीला गेली तर क्लेमला इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजिनल चाव्या मागतात.

डोंबिवलीचा_नाना:
ठेवली. बायको विचारतेय सायरनचा आवाज कमी करता येतो का, सवयीने आजही चावी घालूनच उघडली दारं 🙈