मोठ्या कंपन्यांचा टॅक्स बुडाला तर आपलं काय जातं?

चार_माग: मालक लोक, एक शंका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपले चार माग, टॉवेल काढतो. जीएसटी रिटर्नला सहा दिवस उशीर झाला, दिवसाला 50 प्रमाणं लेट फी पडली, पडू दे, चूक आपली. पण पोरगी कॉलेजातून शिकून आली आणि म्हणायली मोठ्या विदेशी कंपन्या कायदेशीर कागद करून गरीब देशातला नफा बाहेर नेतात. नेतात म्हणजे पोत्यात भरून का? आणि नेला तर सरकारचा गेला, आपलं काय?

आर्टिकलशिप_चालू: अण्णा पोतं लागत नाही, बिल लागतं. तुमचाच टॉवेल घ्या, खर्च 100, जर्मनीचं गिऱ्हाईक 200 देतंय. तुम्ही मॉरिशसला, जिथं टॅक्स कमी, एक कंपनी काढली, कंपनी म्हणजे एक पाटी न् एक पत्ता, तिला 105 ला विकला, तिनं पुढं 200 ला. माल सोलापुरातून सरळ जर्मनीला, मॉरिशसनं टॉवेल बघितला पण नाही, तरी 95 नफा तिकडं आणि इथं टॅक्स फक्त 5 रुपयांवर. ट्रान्स्फर प्रायसिंग म्हणतात ह्याला. आपल्याकडं 2001 पासून नियम आहे, स्वतःच्याच कंपनीला विकलं तरी बाजारभाव धरायचा. पण टॉवेलचा भाव कळतो तरी, ब्रँडच्या नावाची रॉयल्टी, मॅनेजमेंट फी, भावकीतल्याच कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज, ह्याचा भाव कुठल्या मार्केट यार्डात बघणार?

विजापूर_रोड: सरसकट चोर ठरवू नका. व्होडाफोननं 2007 ला केमन बेटावरची एक कंपनी घेतली आणि त्यातून भारतातला मोबाईल धंदा हातात आला. आयकरवाल्यांनी सुमारे 11 हजार कोटी मागितले, 2012 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं देणं लागत नाही. मग सरकारनं मागच्या तारखेपासून कायदा बदलला, बोंबाबोंब झाली, 2021 ला तो बदल मागं घेतला. भोक कायद्यातच होतं.

आर्टिकलशिप_चालू: आपलं सरकार निदान भांडू तरी शकतं. आफ्रिकेतल्या झांबियात मोपानी म्हणून तांब्याची खाण, तेव्हा ग्लेनकोर ह्या स्वित्झर्लंडच्या खाण कंपनीच्या ताब्यात. 2006 ते 2009 चं तांबं मालक कंपनीलाच बाजारभावाच्या खाली विकलं. झांबिया सुप्रीम कोर्टात जिंकला, 24 कोटी क्वाचाचा (तिकडचं चलन) मामला, पण निकाल कधी, 2020 ला! तेव्हाची पहिलीतली पोरं तोवर कॉलेजला गेली की.

विडी_घरकुल: चार माग, तुम्ही विचारलं आपलं काय जातं. आमची आई विड्या वळायची, इन्कम टॅक्स काय असतो माहीत नाही तिला, पण साबण घेतला की टॅक्स भरला. गरीब देशात पगारदार थोडे म्हणून सरकारची भिस्त कंपन्यांच्या टॅक्सवर जास्त, तोच गळाला की साबणावर वाढवतात नाहीतर सरकारी दवाखान्यात "औषध बाहेरून आणा" ची चिठ्ठी मिळते. सगळं ह्याच्यामुळंच होतं असं नाही, खाणारे आपल्यात पण कमी नाहीत, पण चिठ्ठी घेऊन पळायचं कुणी?

चार_माग: पोरगीला वाचून दाखवलं. म्हणते 2021 ला 136 देशांनी मोठ्या कंपन्यांना किमान 15 टक्के टॅक्स ठरवलाय, 75 कोटी युरोच्या वर उलाढाल असेल तर. म्हटलं बरं झालं, आपण वाचलो 😄 आर्टिकल भाऊ, ते लेट फीचं काय, माफ होते का कुठं?

आर्टिकलशिप_चालू: नाही हो अण्णा. भरून टाका, व्याज पण लागेल.