आकडीचे औषध: मांडीत टोचावे की नाकात फवारावे?

आरोग्यसेवक, धडगाव: मे महिन्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर एका मुलाला आकडी आली. मी पोहोचलो तेव्हा कांदा आणि चप्पल हुंगवून झाली होती, वीस मिनिटे उलटली होती. झटके देणाऱ्या ताठ हातात शीर सापडेपर्यंत आणखी सात मिनिटे गेली. माझ्याजवळ आकडी थांबवणारे डायझेपाम होते, आणि ते स्नायूत टोचले तर रक्तात सावकाश व बेभरवशाने उतरते. त्याच कामाच्या लोराझेपामला फ्रीज लागतो. आमच्याकडे विजेचा नेम नाही. याच गटातले मिडाझोलाम मात्र कुपीतल्या आम्ल द्रावणात विरघळलेले राहते आणि शरीरात शिरताच मेदात विरघळणारे रूप घेते, त्यामुळे मांडीतूनही झपाट्याने मेंदूपर्यंत जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील रॅम्पार्ट चाचणीत ते स्नायूत दिलेल्या ७३ टक्के रुग्णांची आकडी रुग्णालयात पोहोचण्याआधी, दुसरे औषध न देता थांबली. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. दाबताच मांडीत टोचले जाणारे, आधीच भरलेले मिडाझोलाम आपल्याकडे स्वस्तात तयार व्हावे, असे माझे मत आहे.

औषधविक्रेता, जळगाव: भाऊ, तळमळ समजते, पण मार्ग पटत नाही. मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीवर आजही मिळतो आणि शिकवले तर आईसुद्धा तो देऊ शकते. तुमची ती आपोआप टोचणारी सुई अमेरिकेत मंजूर झाली, तीही लष्कराची गरज समोर ठेवून. उपकेंद्रात वर्षाला किती रुग्ण येणार? साठा मुदतबाह्य होईल. शिवाय श्वास मंदावला, तर पाड्यावर हाताने श्वास देणारी अंबू पिशवी कोण दाबणार?

आरोग्यसेवक, धडगाव: नाना, सर्रास मिळणाऱ्या फवाऱ्यातून एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम औषध येते. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरले, तर पन्नास किलोच्या माणसाला वीस दाब लागतात, तेही नाकातोंडातून फेस वाहत असताना. श्वासाचा धोका फवाऱ्यातही आहेच, आणि न थांबलेल्या आकडीत तो त्याहून मोठा असतो.

डॉक्टर, धुळे: आपण दोघेही पहिल्या औषधावर वाद घालत आहात, माझ्याकडे मात्र रुग्ण तासाभराने येतात. आकडी लांबली, की या औषधांना धरणारी मेंदूच्या पेशींवरची प्रथिने, म्हणजे ग्राहके (रिसेप्टर), पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढली जातात आणि मिडाझोलाम असो वा लोराझेपाम, त्याचा जोर ओसरतो. पुढच्या टप्प्यात लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट या औषधांची तुलना २०१९ च्या एसेट चाचणीत झाली. तिन्ही सारखीच ठरली आणि निम्म्याहून कमी रुग्णांत उपयोगी पडली. संशोधनाचा पैसा येथे लागला पाहिजे, सुईच्या नव्या कवचावर नव्हे.

आरोग्यसेवक, धडगाव: डॉक्टरसाहेब, ते तासाभराने येतात, कारण वाटेत त्यांना कोणी काही दिलेले नसते. आपण सांगितलेली ग्राहके त्या घाटातच आत जातात.

औषधविक्रेता, जळगाव: वीस दाबांचा हिशेब मान्य, मोठ्यांसाठी सुई असू द्या. पंधरा किलोच्या लेकराला मात्र सहाच दाब पुरतात, आणि तेवढे आईला जमते. त्यावरून मी हटणार नाही.