बेसिक डी अँड डी: होम्स, मॉल्डवे की मेंट्झर?

फासेबहाद्दर

ठिणगी मीच टाकतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या भूमिकाखेळाच्या बेसिक, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, घराण्यात टेबलावर उघडी ठेवून खेळण्याजोगी आवृत्ती एकच, १९८१ ची. बाकीच्या कपाटात शोभतात.

पार्श्वभूमी ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. मूळ खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, तीन छोट्या पुस्तिकांत कोंबलेला. नुसत्या त्या वाचून खेळ कळणं अवघड. आधी कुणाला तरी खेळताना पाहिलेलं असेल तरच उलगडा होई. म्हणून १९७७ मध्ये जे. एरिक होम्स या पेशाने न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या गृहस्थाने नवशिक्यांसाठी ४८ पानांचं निळं पुस्तक बसवून दिलं. १९८१ मध्ये टॉम मॉल्डवे यांनी ते नव्याने लिहिलं, ६४ पानांत, आणि सोबत डेव्हिड कुक यांचा एक्स्पर्ट संच आला. ही जोडी म्हणजे बी/एक्स. दोनच वर्षांत फ्रँक मेंट्झर यांनी पुन्हा सगळं लिहायला घेतलं. तो प्रसिद्ध लाल खोका. पुढे १९८६ पर्यंत एकूण पाच खोके निघाले, त्यांना आद्याक्षरांवरून बेक्मी म्हणतात.

आता मॉल्डवेच का? एक चकमक घ्या. पहिल्या लेव्हलचे, म्हणजे अगदी नवखे, चार जण बोळातून चाललेत, समोरून सहा गॉब्लिन (छोटे राक्षस). अचानक गाठ पडली का, त्याला एक सहाचा फासा. अंतर किती, दोन फासे गुणिले दहा फूट. गॉब्लिनांचा मूड कसा, पुन्हा दोन फासे, आणि इथे थेट हल्ला फक्त दोन आले तरच, म्हणजे छत्तीसात एकदा. बाकी वेळी बोलायला, लाच द्यायला, पळायला जागा आहे. जुंपलीच, तर पहिला गॉब्लिन पडला की त्यांच्या हिमतीची परीक्षा: आकडा ७, दोन फाशांवर त्याहून जास्त पडलं की त्यांची पळापळ. निम्मे पडले की पुन्हा तीच परीक्षा. हिशोब केलात तर दोन्हींत टिकून शेवटपर्यंत लढणारे गॉब्लिन साधारण तीनात एकदा भेटतात. जेमतेम चार हिट पॉइंटवाला (म्हणजे किती इजा सोसता येते तो आकडा) जादूगार जगतो तो याच्याच जोरावर.

हे सगळं मला डाव न थांबवता सापडतं. मॉल्डवेचं पुस्तक रेल्वेच्या वेळापत्रकासारखं आहे: उघडा, बघा, मिटा.

---

बार्गलचा वैरी

असहमत, आणि तुमचं अर्धं कौतुक चुकीच्या पत्त्यावर गेलंय. गॉब्लिनांचा मूड, हिंमत, ते दोन फासे, सगळं लाल खोक्यातही आहे, आणि जवळपास तसंच. मेंट्झर यांनी नियम फारसे बदललेच नाहीत. बदललं ते समजावून सांगणं.

ज्याने आयुष्यात वीस बाजूंचा फासा पाहिलेला नाही त्याच्या हातात मॉल्डवे द्या. पहिल्या काही पानांत क्षमतांचे आकडे, मग वर्गांचे (योद्धा, चोर, जादूगार अशा पेशांचे) तक्ते, मग जादू. बिचारा विचारतो, "पण करायचं काय?" आता त्याला मेंट्झरचं खेळाडूंचं पुस्तक द्या. ते तुम्हाला थेट गुहेत सोडतं. तुम्ही योद्धा आहात, एकटे. साप आडवा येतो, तिथे हल्ल्याचा फासा आणि हिट पॉइंट कळतात. अलीना नावाची धर्मसेविका भेटते, ती गप्पांच्या ओघात जादू आणि क्लेरिक म्हणजे काय ते सांगते. मग बार्गल नावाचा जादूगार तिला मारतो. तोवर तुम्हाला सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) म्हणजे काय ते समजलेलं असतं, शिवाय बार्गलचा सूडही घ्यायचा असतो. चाळीस वर्षांनंतरही लोक त्या काल्पनिक बाईसाठी हळहळतात. मॉल्डवेच्या कुठल्या तक्त्यासाठी कुणी हळहळलंय?

---

फासेबहाद्दर

तक्त्यासाठी नाही, पण ब्लॅक डूगलसाठी हळहळले आहेत लोक. मॉल्डवेतल्या नमुना संवादातला तो चोर, पेटीतल्या विषारी सुईने एका वाक्यात गतप्राण होतो. पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा सापडण्याची शक्यता १० टक्के आणि विषाविरुद्धचा सेव्ह १३ (वीसच्या फाशावर १३ किंवा जास्त), म्हणजे वाचायची शक्यता ४० टक्के. खेळाचा स्वभाव दाखवायला मॉल्डवेंना एवढंच पुरलं. अलीनासाठी मेंट्झर यांनी किती पानं घेतली ते तुम्हीच मोजा.

आणि शिकवणं एकदाच होतं हो. सूडकथा वाचून झाल्यावर तेच पुस्तक पुढे वर्षानुवर्षं टेबलावर ठेवायचं असतं. तेव्हा लढाईचा एखादा नियम खेळाडूंच्या पुस्तकात की डीएमच्या (डन्जन मास्टर, म्हणजे डाव चालवणारा), हे शोधत बसायचं. दरम्यान लोक मोबाइल काढतात.

---

निळी वही

तुम्ही दोघं भांडताय तोवर होम्सचं कुणी नावच घेत नाहीये, म्हणून लिहिते.

होम्स यांचं पुस्तक सदोष आहे, मान्य. सगळी शस्त्रं सहाच्या फाशाने इजा करतात, आणि त्याच वेळी खंजिराने एका फेरीत दोन वार करता येतात, तर हालबर्डसारखी अवजड शस्त्रं एक फेरी सोडून चालवायची. म्हणजे ज्याला हिशोब येतो तो भालाबिला ठेवून खंजीरच घेणार. शिवाय पुस्तक तिसऱ्या लेव्हलला थांबतं आणि पुढचं बघायला तुम्हाला ॲडव्हान्स्ड डी अँड डी या वेगळ्या, मोठ्या खेळाकडे पाठवतं. मजा म्हणजे १९७७ मध्ये ॲडव्हान्स्डचं खेळाडूंचं पुस्तक बाजारातच नव्हतं, ते आलं १९७८ ला.

पण या पुस्तकात एक गोष्ट आहे जी नंतरच्या दोन्हींत हरवली. होम्सचा पहिल्या लेव्हलचा जादूगार आठवडाभर बसून आणि १०० सुवर्णनाणी खर्चून पहिल्या पातळीच्या मंत्राची गुंडाळी लिहू शकतो. बी/एक्समध्ये तोच जादूगार दिवसात एक मंत्र टाकतो आणि मग मशाल धरून उभा राहतो. आमच्या डावात होम्सचा हा एकच नियम उचलून मॉल्डवेत घातला, तर जादूगार खेळणारी मुलगी खजिन्याचा हिशोब वाण्यासारखा ठेवायला लागली. सोनं कुठे खर्च करायचं हा पहिल्या लेव्हलचा मोठाच प्रश्न असतो, त्याला हे उत्तर आहे.

दुसरं, होम्स सगळं सांगत नाहीत. झेनोपसच्या मनोऱ्याखालचं ते नमुना तळघर वाचा. जागा दिसते, आणि त्यापलीकडे काय असेल ते तुमच्यावर सोडलेलं असतं. मॉल्डवे त्याच जागी तक्ता देतात.

---

बार्गलचा वैरी

निळीताई, गुंडाळीचा नियम उत्तम. पण "सगळं सांगत नाहीत" हा गुण तुम्हाला आज दिसतो, कारण बाकीचं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. होम्सची हिमतीची व्यवस्था काय? राक्षसांपुढे आकडाच नाही. नवा डीएम काय करणार, प्रत्येक गॉब्लिन मरेपर्यंत लढवणार.

---

कोकणकडा

तीन लेव्हलच्या पुस्तकांवर एवढी हाणामारी? १९९१ चा रूल्स सायक्लोपीडिया घ्या की. ॲरन ऑलस्टन यांनी मेंट्झरच्या पहिल्या चार खोक्यांचा माल एकत्र करून ३०४ पानांत बांधला. लेव्हल १ ते ३६. शस्त्रकौशल्य, जहागिरीचे नियम, सैन्याच्या लढाया, सगळं एका जिल्दीत. पुन्हा काही विकत घ्यायला नको.

---

फासेबहाद्दर

सायक्लोपीडिया माझ्याकडे आहे आणि आवडतोही. पण त्यातला चोर बघितलात? कुकच्या एक्स्पर्टमध्ये दहाव्या लेव्हलचा चोर कुलूप उघडतो ८५ टक्के वेळा. सायक्लोपीडियात तोच चोर त्याच लेव्हलला ६० च्याही खाली. कारण सरळ आहे: १४ लेव्हलचं कौशल्य ३६ लेव्हलवर ताणून पसरवलं. आता ३६ व्या लेव्हलपर्यंत खेळलेला माणूस कुणी भेटलाय? म्हणजे जिथपर्यंत कुणी पोचत नाही त्या लेव्हलांची किंमत, जिथे सगळे खेळतात तिथला चोर भरतो. आधीच चार बाजूंच्या फाशाचे हिट पॉइंट घेऊन फिरतोय बिचारा.

---

कोकणकडा

चोराचं म्हणणं मान्य, तो तक्ता मीही वापरत नाही, कुकचाच चिकटवलाय. पण एका तक्त्यासाठी ३०४ पानं फेकून द्यायची का? जहागिरीचे नियम तुमच्या मॉल्डवेत कुठे आहेत? नवव्या लेव्हलला किल्ला बांधला, पुढे काय? कुक यांनी १५ ते ३६ लेव्हलच्या पुढच्या भागाचं सूतोवाच केलं, तो त्या मालिकेत आलाच नाही. आमचा डाव किल्ल्यावरच रंगतो. शेतसारा किती, पडोशी सरदार कधी उलटेल, यात मंडळी तासन्‌तास गुंततात. डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या तळघरात) उतरायला कुणी तयार नसतं.

---

ढेकूण_लेव्हल_१

प्रश्न विचारू का? एल्फ हा वर्ग कसा? म्हणजे बी/एक्समध्ये माणूस असेल तर तो योद्धा, चोर, जादूगार, काहीही होऊ शकतो. पण बुटका (ड्वार्फ) म्हणजे बुटका, एल्फ म्हणजे एल्फ. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था आपल्याकडे कमी होती का, की खेळातही तीच?

---

निळी वही

+१, आणि हसू आवरत नाहीये.

---

फासेबहाद्दर

टोमणा पोचला. पण टेबलावर याचा फायदा आहे. नवीन माणूस एकच निर्णय घेतो आणि खेळायला बसतो. एल्फ तलवारही चालवतो, मंत्रही टाकतो, बदल्यात दुसऱ्या लेव्हलला ४,००० अनुभवगुण लागतात. योद्ध्याला २,०००, चोराला १,२००. एल्फ दहाव्या लेव्हलला थांबतो, हाफलिंग आठव्याला. किंमत उघड मांडलेली आहे, पटली तर घ्या.

---

ढेकूण_लेव्हल_१

किंमत उघड असली म्हणून व्यवस्था बरोबर ठरत नाही ना, दादा. मला चोर-बुटका खेळायचाय. तुमचं पुस्तक म्हणतं नाही.

---

मिलवॉकीकर

मग बेसिक फँटसी घे. क्रिस गॉनरमन यांचा खेळ, पीडीएफ फुकट. वंश वेगळा, वर्ग वेगळा, बुटका चोर होतो. चिलखताचा आकडाही चढता (जास्त म्हणजे चांगला), त्यामुळे "२ चांगला की ९" हा गोंधळ नाही. चव बी/एक्सचीच राहते.

बाकीच्यांसाठी: मी राहतो तिथून लेक जिनिव्हा, म्हणजे जिथून हे सगळं निघालं ते गाव, गाडीने फार लांब नाही. इकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात लाल खोके अजून दिसतात, कोपरे दबलेले, आत मेणखडू गायब. (त्या काळी फाशांवरचे आकडे कोरे यायचे, खडूने आपणच भरायचे.) मॉल्डवेचं पुस्तक मिळतं तेव्हा बऱ्याचदा सुटी पानं मिळतात, कारण बी/एक्सची पानं भोकं पाडूनच आलेली होती. बेसिकच्या पान क्रमांकाला बी, एक्स्पर्टच्या क्रमांकाला एक्स. दोन्ही पुस्तकं कापून एका फाइलमध्ये विषयवार लावावीत असा बेत. वापरून झिजवायचं पुस्तक होतं ते. संग्राहकांना याचा राग येतो, मला हाच त्याचा मोठेपणा वाटतो.

आज मात्र १९८१ चं मूळ पुस्तक जास्त पैसे देऊन घ्यायची गरज नाही. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स बघा, गॅव्हिन नॉर्मन यांचं. नियम बी/एक्सचेच, मांडणी अशी की एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. फासेबहाद्दर ज्याचं कौतुक करतायत ते तिथे त्यांच्या लाडक्या पुस्तकापेक्षा चांगलं जमलंय.

---

बार्गलचा वैरी

आणि शिकवणं त्याहून कमी. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स म्हणजे माझ्या तक्रारीचा कळस आहे. ज्याला येतं त्यालाच उपयोगी. मॉल्डवेत निदान डूगल तरी मरतो.

---

फासेबहाद्दर

मिलवॉकीकर, एसेन्शियल्स मांडणीत पुढे आहे, यावर वाद नाही. पण मॉल्डवेतलं एक पान तिथे कोरडं होऊन येतं: डंजन स्वतः कसं रचायचं. मॉल्डवे पायरीपायरीने सांगतात. आधी जागा ठरवा, मग नकाशा, मग प्रत्येक खोलीला सहाचा फासा: एक-दोन राक्षस, तीन सापळा, चार काहीतरी विचित्र, पाच-सहा रिकामी. तीनात एक खोली रिकामी! नवशिके डीएम प्रत्येक खोलीत काहीतरी कोंबतात आणि दोन तासांत सगळे मेलेले असतात. रिकाम्या खोलीत खेळाडू भिंती ठोकत बसतात, वेळ जातो, मशाल जळते, भटके राक्षस येतात. तो तक्ता मला बार्गलच्या कथेपेक्षा जास्त शिकवून गेला.

---

बार्गलचा वैरी

डीएमला शिकवून गेला. खेळाडूला नाही. आणि टेबलावर एक डीएम असतो, खेळाडू चार-पाच.

---

निळी वही

यावर मात्र बार्गलचा वैरी बरोबर बोलले. मी माझ्या भाच्यांना काय दिलं असतं? लाल खोकाच, निळं पुस्तक नाही.

---

कोकणकडा

म्हणजे भाच्यांना मेंट्झर, डीएमला मॉल्डवे, जादूगाराला होम्स, आणि किल्ला बांधून झाला की माझ्याकडे या.

---

फासेबहाद्दर

भाच्यांनाही मॉल्डवेच. पहिल्या डावात डूगल होऊ द्या. नवा चोर करायला सहा वेळा तीन फासे टाकायचे, वर्ग निवडायचा, सामान घ्यायचं. पुढच्या बोळापाशी तो परत हजर.

---

ढेकूण_लेव्हल_१

बुटका चोर चालेल ना?

---

फासेबहाद्दर

नाही.